गॅरेजात राहायचं कुणी?

वर्लिन टॉलेफसनला पगार मिळायचा तो लोकांच्या घरांची किंमत वाढवण्याबद्दल. सरकारी भाषेत याला मूल्यनिर्धारण म्हणत, आणि पेल्टन काउंटीच्या कचेरीत दुसऱ्या मजल्यावर त्याच्या दाराला तशी पाटीही होती. दर वसंतात त्याच्या सहीचं पत्र घरोघर जाई: आपलं घर गेल्या वर्षापेक्षा अकरा टक्क्यांनी मौल्यवान झालं आहे. म्हणजे घरपट्टीही वाढणार. हे वाचून गेल्या सव्वीस वर्षांत एकाही माणसाने त्याला आनंदाने फोन केला नव्हता. उलट किराणा दुकानात लोक त्याला पाहून दुसऱ्या रांगेत शिरत. वर्लिन ते मनाला लावून घेत नसे. "किमती बाजार वाढवतो," तो म्हणायचा, "मी फक्त लिहून घेतो." वादळाची बातमी देणारा माणूस जसा छत्री घेऊन निवांत असतो, तसा तो निवांत होता. त्याचं स्वतःचं घर तीस वर्षांपूर्वी घेतलेलं, फिटलेलं, आणि छप्पर नवं होतं.

मग सप्टेंबरात त्याच्या मुलीच्या घरमालकाचं पत्र आलं.

ब्रिटा सत्तावीस वर्षांची. ज्या शाळेत ती स्वतः दुसरीत बसून रडली होती, त्याच शाळेत आता दुसरीच्या पोरांना रडू नका म्हणून सांगायची. दोन खोल्यांचं भाडं साडेअकराशे डॉलर होतं, ते सव्वापंधराशे होणार होतं. कारण इमारतीचं 'नूतनीकरण' झालं होतं. नूतनीकरण म्हणजे खाली प्लास्टिकचं एक झाड आणि तळघरात एक व्यायामाची सायकल. शिवाय कुत्रीचं भाडं वेगळं, महिना पंचेचाळीस.

"कुत्रीचं भाडं?" वर्लिनने काटा खाली ठेवला. "ती काय पगार आणते?"

"डॅड, तिला स्वतंत्र अर्जसुद्धा भरावा लागतो. फोटोसकट."

विल्मा नावाची ती कुत्री, पन्नास किलोंची, टेबलाखाली वर्लिनच्या बुटावर हनुवटी टेकून पडली होती. आपल्या नावावर काय काय चाललंय याची तिला गंधवार्ता नव्हती.

पुढचे चार शनिवार बापलेक घरं बघत हिंडले. प्रत्येक ठिकाणी अर्जाचे पंचावन्न डॉलर, परत न मिळणारे. एका ठिकाणी पगार भाड्याच्या तिप्पट हवा होता. ब्रिटाचा पगार भाड्याच्या दुपटीला जेमतेम हात लावत होता, म्हणजे मुलांना तिप्पट शिकवणाऱ्या बाईला स्वतःला तिप्पट होता येत नव्हतं. वर्लिनची मदत एवढीच की गाडीतून जाताना तो प्रत्येक इमारतीकडे बोट दाखवून सांगे, "ही मी गेल्या वर्षी नऊ लाखांनी वाढवली. आणि ही बघ, हिला तर मी..."

चौथ्या शनिवारी ब्रिटाने गाडी बाजूला घेतली.

"डॅड, म्हणजे हे सगळं तू केलंयस?"

"बाजाराने केलंय."

"तुझी सही आहे ना खाली?"

वर्लिनने घसा साफ केला आणि हवामानाचा विषय काढला. तेव्हा ब्रिटा समोर बघत म्हणाली, की तुल्सातली तिची मैत्रीण कधीची बोलावतेय. तिथल्या शाळेत जागा आहे, आणि इथल्या भाड्यात तिथे आख्खं घर येतं, अंगणासकट. मार्चपर्यंत कळवायचं आहे.

तुल्सा गाडीने बारा तासांवर. वर्लिन म्हणाला, "ओक्लाहोमात चक्रीवादळं होतात." एवढंच म्हणाला. त्याच्या घराण्यात यापेक्षा जास्त प्रेम तोंडाने बोलण्याची पद्धत नव्हती. पण त्या रात्री त्याने दुसऱ्यांदा भात वाढून घेतला नाही, आणि त्याची बायको मार्डेल काय ते समजली.

*

ऑक्टोबरअखेर ब्रिटा आपल्या जुन्या घरी, जुन्या खोलीत आली. फक्त त्या खोलीत आता मार्डेलचं गोधड्या शिवायचं यंत्र होतं. यंत्र बारा फूट लांब होतं आणि ते हलवायचं तर भिंत पाडावी लागली असती. वरच्या उरलेल्या दोन खोल्यांपैकी एक नवराबायकोची आणि एक मार्डेलच्या कापडाच्या गठ्ठ्यांनी छतापर्यंत भरलेली, म्हणून ब्रिटाची गादी यंत्राखाली बसवली. झोपताना ती आडवी सरकायची, उठताना आडवी बाहेर यायची, आणि विसरून ताठ उठली की घरभर एक धातूचा आवाज व्हायचा.

पण खरं दुखणं यंत्राचं नव्हतं. खरं दुखणं होतं बोळातल्या भिंतीवरच्या तापमानाच्या बटणाचं.

हे बटण वर्लिनने प्लास्टिकच्या पेटीत बंद करून ठेवलं होतं आणि पेटीची किल्ली त्याच्या जुडग्यात होती. ऑक्टोबर ते एप्रिल ते फॅरनहाइट चौसष्टवर असे. चौसष्ट म्हणजे घरात टोपी घालावी की नाही असा विचार पडावा, इतपत ऊब. बाहेर उणे वीस असो नाहीतर उणे चाळीस, आत चौसष्ट. टॉलेफसनांच्या घरी पाहुणे कोट काढत नसत, आणि वर्लिनला वाटे की त्यांना लवकर निघायचं असेल.

"डॅड, माझी बोटं निळी पडलीत."

"स्वेटर घाल."

"घातलाय."

"मग दुसरा घाल. गॅस काय फुकट येतो?"

हा संवाद रोज होई, आणि त्यातलं शेवटचं वाक्य वर्लिन दर वेळी पहिल्यांदाच सुचल्यासारखं म्हणे. तिसऱ्या आठवड्यात मार्डेल म्हणाली, "वर्लिन, ही पोरगी मार्चपर्यंत थांबायची नाही. उद्याच जाईल तुल्साला. तिथे ऊन आहे."

तेव्हा वर्लिनला गॅरेज आठवलं.

*

गॅरेज घरापासून दहा पावलांवर, सुटं, दोन गाड्यांचं. त्यात एक गाडी आणि एका गाडीएवढा पसारा. तिथे एक खोली, न्हाणीघर, छोटासा ओटा काढला की पोरगी जवळ राहील आणि बटणापासून लांबही राहील. वर्लिनने कागदावर रेघा मारल्या. सरकारी माणूस असल्यामुळे परवानगी ही त्याच्या मते कामानंतर आवरायची बाब होती, जेवणानंतरच्या हात धुण्यासारखी.

शेजारचा डुएन प्रिबिल हातात कॉफीचा मग घेऊन रेघा बघायला आला. डुएनने आयुष्यात काहीच बांधलं नव्हतं, पण इतरांनी बांधलेलं खूप पाहिलं होतं.

"जमिनीखालून गरम पाण्याच्या नळ्या टाक," डुएन म्हणाला. "माझ्या मेव्हण्याने टाकल्या. पाय असे भाजतात, की बस्स."

"गॅरेजला वेगळा बॉयलर म्हणजे नऊ हजार रे."

"वेगळा कशाला? घरातल्या बॉयलरवरनंच घे की. बॉयलर एक, बटणही एकच. आणि बटण तुझ्या हातात."

वर्लिनच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मार्डेलने लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. गॅरेजात राहणाऱ्याला ऊब किती द्यायची हे घरात बसून ठरवता येणार. कुणी खिडकी उघडी ठेवून भट्टी पेटवायची नाही, की सत्तरवर सुई न्यायची नाही. त्याने घरावर ऐंशी हजारांचं कर्ज उचललं, महिना सातशे साठचा हप्ता, आणि मजूर लावले.

दुसऱ्या आठवड्यात गॅरेजच्या दारावर लाल कागद चिकटला: काम थांबवा.

कागदावर सही लोरेन पिटकाची. लोरेन बांधकाम परवान्यांच्या खिडकीवर बसायचा, वर्लिनच्या कचेरीखालच्याच मजल्यावर. चौदा वर्षं दोघं एकाच टेबलाशी दुपारचा डबा खात होते. लोरेनला अंड्याचं सँडविच आवडत नसे, म्हणून वर्लिन त्याच्याशी अदलाबदल करी. अशा माणसाने कागद चिकटवावा! वर्लिन तणतणत खाली गेला.

"लोरेन, हा काय चावटपणा?"

लोरेनने चष्म्यावरून पाहिलं. "नंबर घेतलात?"

"काय?"

"यंत्रातून नंबर घ्यायचा असतो. आपण पाहिलं असेल, दाराशीच आहे."

खिडकीपाशी दुसरं कुणी चिटपाखरू नव्हतं. वर्लिनने नंबर घेतला. लोरेनने तो मोठ्यांदा पुकारला.

"आपलं नाव?"

"लोरेन, काल तू माझं सँडविच खाल्लंस."

"नाव, साहेब. आद्याक्षरासकट."

मग लोरेनने वाचून दाखवलं. भाड्याची खोली करायची तर मैलापाण्याची स्वतंत्र नळी. आगीतून बाहेर पडता येईल एवढी खिडकी. आणखी दोन गाड्या उभ्या करण्याची जागा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना नोटीस, आणि त्यानंतर जाहीर सुनावणी. सुनावणीची पुढची मोकळी तारीख फेब्रुवारीत.

"दोन गाड्या?" वर्लिन म्हणाला. "गॅरेजात माणूस राहणार म्हणून गाड्या बाहेर ठेवायच्या, आणि गाड्या बाहेर ठेवायला जागा हवी म्हणून परवानगी नाही?"

"विचारण्यासारखा मुद्दा आहे," लोरेन म्हणाला. "लेखी विचारा."

साडेबाराला दोघं डबा खायला बसले. "अंडं आणलंयस का रे आज?" लोरेनने विचारलं. वर्लिनने सँडविच पाठ फिरवून एकट्याने खाल्लं. सूड म्हणून हे फार नव्हतं, पण त्या काउंटीत याहून मोठा सूड कुणी घेत नसे.

आतलं काम वर्लिनने पडदा लावून चालूच ठेवलं. खिडकी मोठी केली, नळी घातली, ओटा बसवला. राहण्याची परवानगी नव्हती. पण रिकाम्या खोलीला ओटा असू नये असा नियम लोरेनलाही सापडला नाही.

*

ख्रिसमसला गावालगतचं तळं गोठलं.

वर्लिनकडे चाकांवरचं एक फिश हाउस होतं. गोठलेल्या तळ्यावर ओढून न्यायचं, त्याच्या तळातली झाकणं उघडायची, बर्फाला भोकं पाडायची आणि आत बसल्या बसल्या मासे धरायचे. ते त्याने त्याच्या गाडीहून महाग घेतलं होतं. त्यात दोन बिछाने, शेगडी, भट्टी, टीव्ही आणि छोटं न्हाणीघर होतं. वर्षातून आठ-दहा दिवस वापरायचं, उरलेले दिवस मार्डेलने त्याच्याकडे बघायचं. मासा एकूण सहा वेळा मिळाला होता. मार्डेलने एकदा खरेदीला माशांनी भागून पाहिलं, आणि ते उत्तर त्या घरात पुन्हा कधी निघालं नाही.

यंत्रावर डोकं आपटून उठलेली ब्रिटा एका सकाळी म्हणाली, "डॅड, सुनावणीपर्यंत मी तळ्यावर जाते. तिथली भट्टी निदान मला लावता येते."

ती गंमत करतेय असं सगळ्यांना वाटलं. संध्याकाळी ती आणि विल्मा तळ्यावर होत्या.

हिशेब पाहिला तर डोळे पांढरे व्हावेत. वर्षाचा परवाना, त्याची रक्कम एका घराच्या अर्जाएवढीसुद्धा नाही. भाडं शून्य. कुत्रीचं भाडं शून्य. शाळा दहा मिनिटांवर, बर्फावरचा रस्ता काउंटीच साफ करून देणार. तळं तुमचा पगार विचारत नव्हतं, तिप्पट आहे का म्हणून पाहत नव्हतं. पेल्टन काउंटीतली एकमेव परवडणारी जागा पाण्यावर होती, आणि ते पाणीसुद्धा मार्चपर्यंतच टिकणारं.

बातमी शाळेत पसरली. जानेवारीच्या मध्यावर ग्रंथालयवाली आली, मग संगीताची बाई, मग इस्पितळातला एक स्वयंपाकी. डुएनकडे तीन जुनी फिश हाउस पडून होती. ती त्याने माणुसकी म्हणून बाहेर काढली. पहिलं महिना तीनशेला दिलं, दुसरं साडेचारशेला, आणि तिसऱ्याच्या जाहिरातीत लिहिलं: चारही बाजूंनी तळ्याचं दृश्य.

"डुएन," वर्लिन म्हणाला, "तू बर्फाचं भाडं घेतोयस?"

"बाजार घेतोय," डुएन म्हणाला. "मी फक्त खिशात ठेवतो."

*

आता गेल स्ट्रँडक्विस्टबद्दल सांगायला हवं. ती समोर राहायची आणि चर्चच्या 'घर सगळ्यांसाठी' मंडळाची अध्यक्ष होती. तिच्या अंगणात बारमाही पाटी होती: इथे सर्वांचं स्वागत आहे. पाटीला रात्री दिवा होता. तिच्या पुढच्या खिडकीतून वर्लिनचं गॅरेज दिसे आणि मागच्या खिडकीतून तळं, म्हणजे ब्रिटा. मंडळ चालवणाऱ्या बाईला दोन्ही खिडक्यांतून घराचा प्रश्न दिसायला लागला, आणि ते तिला फार लागलं.

सुनावणीची नोटीस मिळाल्यावर ती लिंबाच्या वड्यांचा डबा घेऊन आली. तिकडे तक्रार रिकाम्या हाताने करायची पद्धत नाही.

"वर्लिन, मी विरोधात मुळीच नाही हं," ती दारातच म्हणाली.

त्या काउंटीत कुणी तोंडावर 'नाही' म्हणत नाही. 'मी विरोधात नाही' हाच तिकडचा नकार. 'जरा वेगळंच आहे' म्हणजे भयंकर आहे. आणि 'मला फक्त एक शंका आहे' असं कुणी म्हटलं की वकील गाठावा.

"मला फक्त एक शंका आहे," गेल म्हणाली.

शंका दारात उभ्याने पाऊण तास चालली. तरुण माणसं आली की गाड्या येतात, संगीत येतं, मित्र येतात. ब्रिटा गोडच आहे, पण तिच्यानंतर कोण? आणि ती कुत्री केवढी! तिला स्वतःला काहीच वाटत नाही, पण लोकांना वाटेल. लोक म्हणजे कोण, ते वर्लिनने विचारलं नाही. त्या रस्त्यावर लोक म्हणजे गेलच होती.

मार्डेल आतून ऐकत होती. दार लागल्यावर तिने लिंबाची वडी तोडली. "छान झाल्यात," ती म्हणाली. "जरा वेगळ्याच आहेत."

*

सुनावणी फेब्रुवारीच्या दुसऱ्या मंगळवारी, काउंटीच्या सभागृहात. वर्लिनने लग्नाचा कोट घातला होता. बोलायला प्रत्येकाला तीन मिनिटं, समोर लाल दिवा. एरवी याच सभागृहात तो मंचावर बसून लोकांच्या तक्रारी ऐकायचा. आज मायक्रोफोनसमोर खाली उभं राहताना त्याच्या लक्षात आलं की मायक्रोफोन मुद्दामच जरा बुटका ठेवलेला असतो.

"मी या काउंटीतली सगळी घरं मोजली आहेत," तो वाकून म्हणाला. "पंधरा हजार. त्यातल्या एकातही माझ्या मुलीला जागा नाही. ती तुमच्याच मुलांना वाचायला शिकवते. सध्या ती बर्फावर राहते. बर्फ वितळेल. मग ती जाईल." पुढे काय लिहिलं होतं ते त्याला चष्म्यातून नीट दिसेना. "मी बाजाराला बोल लावत नाही, पण—"

लाल दिवा लागला.

मग शेजारी उठले. कुणीही विरोधात नव्हतं. पहिल्याला मैलापाण्याची शंका होती, दुसऱ्याला बर्फ टाकायच्या जागेची. डुएन मदतीला म्हणून उठला आणि बॉयलर एकच असल्याचं कौतुक सांगून बसला. शेवटी गेल उठली. ती गोड हसली.

"आम्हाला परवडणारी घरं हवीच आहेत," ती म्हणाली. "मी मंडळाची अध्यक्ष आहे, मी नाही म्हणेन का? आमची छोटीशी सूचना आहे, की तिथे शांत माणसं असावीत. वयस्क. पंचावन्नच्या वरची. म्हणजे रस्त्याचं वातावरण राहील, आणि वृद्धांची सोयही होईल."

मंचावरच्या पाचही जणांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. कुणाला नाही म्हणायला लागू नये असा ठराव मिळाला की त्या मंडळींना बाळसं येई. पाच विरुद्ध शून्य. परवानगी मंजूर, अट अशी, की गॅरेजात राहणाऱ्याचं वय पंचावन्नच्या वर हवं, आणि मालकाने त्याच आवारात राहायला हवं.

बाहेर पडताना लोरेनने वर्लिनच्या पाठीवर थाप मारली. "अभिनंदन रे! मिळाली की परवानगी."

"लोरेन, माझी मुलगी सत्तावीस वर्षांची आहे."

लोरेनने विचार केला. "अठ्ठावीस वर्षांनी अर्ज नव्याने करावा लागणार नाही," तो म्हणाला. "हीच चालेल."

*

घरी तिघं स्वयंपाकघरात बसले. ब्रिटाने कोट काढला नव्हता. टेबलाखाली विल्मा वर्लिनच्या बुटावर हनुवटी टेकून होती, तशीच.

"मी उद्या तुल्साला कळवते," ब्रिटा म्हणाली. "तुझा काही दोष नाही, डॅड. तू केलंस जेवढं करता येतं तेवढं."

वर्लिनला हे ऐकवेना. ब्रिटा रागावली असती तर बरं झालं असतं. रागाला त्याच्याकडे उत्तर होतं. त्याच्या डोळ्यांपुढे ऐंशी हजारांचं गॅरेज होतं. नवा ओटा, ऊबदार जमीन, मोठी खिडकी, आणि राहायला कुणी नाही. आणि घर होतं, वर तीन झोपायच्या खोल्या, आत दोन माणसं, चौसष्ट अंश.

"तुल्साला..." तो म्हणाला. त्याला चक्रीवादळाचंच काहीतरी म्हणायचं होतं, पण तोंडातून भलतंच निघालं. "तू जाऊ नकोस गं," तो म्हणाला.

स्वयंपाकघरातल्या फ्रीजनेसुद्धा घरघर थांबवली. टॉलेफसनांच्या चार पिढ्यांत असं उघड बोलणं कुणी केलं नव्हतं. वर्लिन कानापर्यंत लाल झाला आणि खाली वाकून उगाच कुत्रीचा पट्टा तपासू लागला.

तेव्हा मार्डेल म्हणाली, "वर्लिन, तुझं वय काय?"

"अठ्ठावन्न. का?"

"माझं सत्तावन्न." मार्डेलने लिंबाच्या वड्यांचा उरलेला डबा पुढे सरकवला. "मालकाने आवारात राहायचं. गॅरेजही आवारातच आहे. मालक कुठे हवा, पंचावन्नच्या वर कोण हवं, ते मी नीट ऐकलंय. ब्रिटा इथे राहील, ग्रंथालयवाली आणि संगीतवाली तिच्याबरोबर. तिघींनी सहाशे-सहाशे दिले की हप्ता सुटतो आणि वर उरतात. आपण गॅरेजात, कापडाच्या गठ्ठ्यांसकट."

"माझं घर?" वर्लिन म्हणाला.

"कर्ज त्यावरच काढलंयस ना? मग आता भाडं कमावू दे त्याला." मग तिने स्वतःची एकच अट घातली. "यंत्र इथेच राहील. भिंत मी पाडू देणार नाही. शिवायला मी येत जाईन, दार वाजवून."

ब्रिटाने उठून बापाच्या डोक्यावर, केस होते तिथे, हात ठेवला.

"कुत्रीचं भाडं?" तिने विचारलं.

"ते बघू," वर्लिन म्हणाला. ती हसली. तिने शेवटी कोट काढला, आणि लगेच परत घातला.

*

मार्चच्या पहिल्या आठवड्यात फिश हाउस तळ्यावरून निघाली. तळ्याने कुणाची अनामत बुडवली नाही. डुएनने मात्र दोन महिन्यांत जे कमावलं त्यात चौथं फिश हाउस घेतलं, पुढच्या हंगामासाठी, आणि ते आत्ताच सहाशेला बोललं गेलं होतं.

गेलच्या समोरच्या घरात तीन तरुण बायका राहायला आल्या. त्यांच्या तीन गाड्या, एक पियानो आणि पन्नास किलोंची कुत्री. ठराव गॅरेजाबद्दल होता. घराबद्दल कुणालाच शंका सुचली नव्हती. गेल डबा घेऊन आली, स्वागत म्हणून. "छान आहे हं," ती पियानोकडे बघत म्हणाली. "जरा वेगळं आहे."

वसंतात वर्लिनला स्वतःच्याच सहीचं पत्र आलं: गॅरेज सुधारल्यामुळे आपलं घर चौदा टक्क्यांनी मौल्यवान झालं आहे. त्याने कचेरीत फोन लावून स्वतःकडे तक्रार नोंदवायचा विचार केला, पण ती ऐकायला मंचावर कोण बसणार, हे माहीत असल्याने सोडून दिला.

आणि तरी मार्च तो मार्च. जाता जाता त्याने एक शेवटचा बर्फ टाकला, उणे अठराचा. वर्लिन गॅरेजात नव्या ओट्याशी बसला होता. मोठ्या खिडकीतून त्याला स्वतःचं घर दिसत होतं, वरच्या तिन्ही खोल्यांत दिवे. त्याने पायांनी जमीन चाचपली. डुएनच्या मेव्हण्याचे पाय भाजत होते म्हणे. इथे गार दगड.

जुडग्यात त्याने ती छोटी किल्ली शोधली. मग आठवलं, घराबरोबर सगळ्या किल्ल्या दिल्या होत्या. भाडेकरूला द्याव्याच लागतात, लोरेनने नियम वाचून दाखवला होता. बॉयलर एक. बटण एक, आणि घरात चौसष्ट झाले की बॉयलर बंद, मग गॅरेज कितीही गार असो. पेटी बोळात, आणि बोळ आता भाड्याने.

त्याने फोन लावला.

"ब्रिटा, अगं, गॅरेजात फार गार पडलंय. ते बटण जरा वर कर ना."

"चौसष्टवर आहे, डॅड. तू ठेवलंस तसंच. आम्ही हातसुद्धा लावलेला नाही." पलीकडे पियानो आणि बायकांचं हसू. "आम्हाला तिघींना चालतंय. वर विल्मा पायांवर असते ना, तिचीच केवढी ऊब."

"पण इथे तर—"

"डॅड," ब्रिटा म्हणाली, "स्वेटर घाल."

वर्लिनने फोन खाली ठेवला. मार्डेल शेजारी स्वतःच शिवलेल्या दोन गोधड्या पांघरून बसली होती. तिने खांद्यावरची एक काढून त्याच्याकडे सरकवली.

"राहिली ना इथेच?" ती म्हणाली.

"राहिली," वर्लिन म्हणाला, आणि कुडकुडत उठून दुसरा स्वेटर शोधायला लागला.